चंदीगड, सकाळी दहा : एका उलट्या मोजणीचा घटनाक्रम

३० जानेवारी २०२४, सकाळी दहा वाजता चंदीगड महापालिकेच्या सभागृहात महापौर निवडायचा होता. ती वेळ इथे शून्य धरली आहे. पुढे जे घडलं त्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. टेबलामागे बसलेला एक माणूस, हातात पेन, समोर मतपत्रिका, आणि मध्येच वर उचललेली नजर. बहुतेकांच्या लेखी प्रकरण त्या नजरेपासून सुरू होतं. मोजणी मात्र त्याच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

४८० तास आधी

१० जानेवारीला चंदीगड प्रशासनाची अधिसूचना निघाली. १८ जानेवारीला सकाळी ११ वाजता महापालिकेची सभा, विषय महापौर, वरिष्ठ उपमहापौर आणि उपमहापौर यांची निवड. चंदीगडचा महापौर एकाच वर्षासाठी असतो, त्यामुळे असा कागद दर वर्षी निघतो आणि एरवी फार कुणी तो बारकाईने वाचत नाही. त्या वर्षी महापौरपद अनुसूचित जातीसाठी राखीव होतं, एवढीच काय ती वेगळी गोष्ट. सभेचे पीठासीन अधिकारी म्हणून नाव होतं अनिल मसीह.

मसीह हे नामनिर्देशित, म्हणजे आपल्या भाषेत स्वीकृत, नगरसेवक. चंदीगडमध्ये असे नऊ जण असतात. नगरपालिकेच्या कारभाराची जाण असलेली माणसं सभागृहात असावीत म्हणून घटनेच्या २४३-आर कलमाने ही सोय ठेवली, आणि त्याच कलमाने त्यांना मतदानाचा हक्क नाकारला. मसीह यांची दुसरी ओळखही होती : ते भारतीय जनता पक्षाच्या अल्पसंख्याक मोर्चाचे पदाधिकारी होते. ही काही दडवलेली गोष्ट नव्हती, शहराच्या राजकारणात सगळ्यांना ती ठाऊक होती.

मग कायदा काय म्हणतो? चंदीगडला पंजाबचा १९७६ चा महापालिका कायदा लागू आहे, १९९४ च्या विस्तार कायद्याने आणलेला. महापौर निवडीच्या सभेचं अध्यक्षपद कुणी घ्यावं याचं त्यातलं उत्तर अगदी आखूड आहे : जो स्वतः उमेदवार नाही असा, नेमून दिलेला नगरसेवक. त्याचा पक्ष कोणता, त्या पक्षात तो कोण, रिंगणातल्या उमेदवाराशी त्याचं नातं काय, यातलं काहीही कायदा विचारत नाही. हितसंबंध आड येण्याची त्याची कल्पना एवढीच, की माणसाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतः मोजू नये. आपल्या पक्षाच्या नावाची मोजली तर चालेल.

महापालिकेच्या सभागृहात पक्षाविना नगरसेवक शोधणं कठीणच, असं यावर कुणी म्हणेल. खरं आहे. पण म्हणूनच हे काम नगरसेवकाला द्यावं की नाही हा प्रश्न उरतो. पुणे-नाशिकसारख्या महापालिकांत महापौर निवडीला पीठासीन अधिकारी म्हणून सरकारी अधिकारी बसतो आणि नगरसेवक हात वर करून मत देतात. सरकारी अधिकारी म्हणजे धुतला तांदूळ असा याचा अर्थ नाही. पण त्याला निदान उद्या त्याच सभागृहात, त्याच बाकांवर, त्याच पक्षाच्या रांगेत बसायचं नसतं.

३६० तास आधी

१५ जानेवारीला आम आदमी पक्ष आणि काँग्रेस यांनी हातमिळवणी जाहीर केली. महापौरपदाला 'आप'चे कुलदीप कुमार, उरलेली दोन पदं काँग्रेसला. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे केंद्रशासित शहराच्या महापौरपदाला एकाएकी 'इंडिया आघाडी विरुद्ध भाजप' या पहिल्या सामन्याचं वजन आलं. भाजपचे उमेदवार होते मनोज सोनकर.

हिशेब सोपा होता. सभागृहात ३५ निवडून आलेले नगरसेवक, शिवाय चंदीगडच्या खासदाराला एक मत. एकूण ३६. 'आप'चे १३ आणि काँग्रेसचे ७ मिळून २०. भाजपचे १४, खासदार किरण खेर यांचं १ आणि अकाली दलाचं १ मिळून १६.

मसीह यांची नेमणूक या युतीच्या पाच दिवस आधीची आहे, हे इथे नोंदवायला हवं. म्हणजे पराभव दिसला म्हणून आपला माणूस खुर्चीत बसवला, असा सरळ आरोप तारखांच्या आधारे करता येत नाही. मला हे अधिक गंभीर वाटतं. कट रचायची गरजच नव्हती. नियमाने जागा आधीच मोकळी ठेवली होती, गरज नंतर निर्माण झाली.

शिवाय बाद मताची किंमत या सभागृहाला नवी नव्हती. डिसेंबर २०२१ च्या निवडणुकीत 'आप' १४ जागांसह सर्वात मोठा पक्ष होता, पण जानेवारी २०२२ मध्ये त्यांचं एक मत बाद ठरलं आणि भाजपच्या सरबजीत कौर १४ विरुद्ध १३ अशा महापौर झाल्या. २०२३ मध्ये भाजपचेच अनुप गुप्ता १५ विरुद्ध १४. दोन्ही वर्षी काँग्रेस मतदानापासून दूर राहिली होती. जिथे एका मताने वर्षभराची सत्ता फिरते, तिथे मत बाद ठरवणारा हात हाच सगळ्यात वजनदार हात असतो. २०२२ नंतर कुणीतरी हा विचार करायला हवा होता.

२८७ तास आधी

१८ जानेवारी, सकाळी ११. नगरसेवक सभेला आले आणि त्यांना कळलं की पीठासीन अधिकारी आजारी आहेत, सभा होणार नाही. सेक्टर १७ मधल्या महापालिकेच्या इमारतीबाहेर घोषणा, पोलीस, ढकलाढकली. दुसरा नगरसेवक नेमून सभा त्याच दिवशी घेता आली असती. त्याऐवजी उपायुक्तांनी, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी, कायदा-सुव्यवस्थेचं कारण देत निवडणूक थेट ६ फेब्रुवारीवर ढकलली.

कुलदीप कुमार पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेले.

१४४ तास आधी

२४ जानेवारीला उच्च न्यायालयाने निवडणूक पुढे ढकलण्याचा आदेश मनमानी ठरवून रद्द केला आणि नवी वेळ घालून दिली : ३० जानेवारी, सकाळी दहा. नगरसेवकांसोबत बाहेरच्या राज्याचे पोलीस किंवा समर्थक नकोत, संरक्षण चंदीगड पोलिसांनी द्यावं, असंही बजावलं.

या सगळ्या दिवसांत प्रत्येकाची नजर दारावर होती. कुणाचा नगरसेवक फुटेल, कुणाला उचलून नेतील, कुणाच्या गाड्यांना कुठले पोलीस असतील. नगरसेवकांना शहराबाहेर मुक्कामाला हलवण्याचे प्रकारही झाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. फोडाफोडीची भीती खरीच होती, कारण तिथे पक्षांतराला कायद्याचा अडसरच नव्हता. आपल्याकडे पक्षांतर केलेल्या स्थानिक संस्थांच्या सदस्यांना अपात्र ठरवणारा राज्याचा १९८६ चा कायदा आहे, चंदीगडच्या नगरसेवकांना तसा काही लागू नव्हता.

सभागृहाच्या दाराचा एवढा बंदोबस्त झाला. टेबलाचा कुणी केला नाही. आजारातून उठून पीठासीन अधिकारी तेच राहिले.

२४ तास आधी

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तरी शून्याच्या आदल्या दिवशी काय काय ठरलेलं होतं ते पाहा. मतदान गुप्त, कागदी मतपत्रिकेवर. दोन उमेदवार, कुलदीप कुमार यांचं नाव वर, सोनकर यांचं खाली. मतं मोजणारा एकच माणूस. मत बाद की वैध हे ठरवणारा तोच. निकाल जाहीर करणाराही तोच. त्याच्यावर अपील ऐकायला त्या सभागृहात कुणी नाही.

विधानसभेच्या मतमोजणीत टेबलागणिक प्रतिनिधी असतात, निरीक्षक असतो, एका मतावरून तासभर वाद घालता येतो. तिथे एका कर्मचाऱ्याच्या मनात काही आलं तरी ते तडीस नेणं अवघड. ३६ मतांच्या निवडणुकीत असं काही जाळं नसतं, सगळा भरवसा एका खुर्चीवर. त्यामुळे निवडणूक जितकी लहान तितका खुर्चीत कोण बसणार याचा नियम कडक हवा. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. लोकसभेच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यावर आयोगाच्या सूचनांचे ग्रंथ आहेत, महापौराच्या निवडीला एक ओळ.

शून्य

३० जानेवारी. दहाची वेळ टळून गेल्यावर काम सुरू झालं. नगरसेवक आणि खासदार एकेक करून मत देऊन आले. छत्तीसच्या छत्तीस मतं पडली, कुणी गैरहजर नाही. दाराचा बंदोबस्त कामी आला म्हणायचा. कॅमेरे सुरू होते.

शून्यानंतर

आता टेबल. चंदीगड महापालिकेच्या १९९६ च्या विनियमांनुसार मतपत्रिका बाद ठरायला तीनच कारणं होती. सदस्याने एकाहून अधिक उमेदवारांना मत दिलं असेल, मतदार ओळखू येईल अशी खूण कागदावर केली असेल, किंवा मत कुणाला दिलं याची शंका यावी अशा ठिकाणी फुली मारली असेल. तिन्ही चुका मत देणाऱ्याच्या आहेत. मोजणाराच कागदावर काही करील, ही शक्यता नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आली नव्हती.

चित्रफितीत मसीह एकेक मतपत्रिका उघडताना, पेन टेकवताना आणि ट्रेमध्ये ठेवताना दिसतात. पीठासीन अधिकाऱ्याच्या हातात पेन असणं गैर नाही, त्याला सह्या करायच्या असतात. म्हणूनच तो प्रकार लगेच कुणाच्या लक्षात येणं अवघड होतं. काही कागदांवर पेन सहीपुरतं थांबत नाही, एवढाच फरक. आणि त्या काळात ते वर, कॅमेऱ्याकडे पाहतात.

मग निकाल : सोनकर १६, कुलदीप कुमार १२, बाद ८.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर चित्रफितीचीही गरज पडू नये. सोळातलं एकही मत बाद नाही, विसातली आठ बाद. विसातली चार बाद झाली असती तर बरोबरी होती. आठ म्हणजे चोख काम.

सभागृहात गोंधळ उडाला. त्या गोंधळातच सोनकर महापौराच्या खुर्चीत बसले. 'आप' आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी बहिष्कार घातला, आणि उरलेली दोन पदं भाजपकडे बिनविरोध गेली. आमच्या प्रतिनिधींना मतपत्रिका पाहूच दिल्या नाहीत, हा विरोधकांचा आरोप. विरोधकांनीच मतपत्रिका हिसकावून फाडल्या, असं मसीह यांचं म्हणणं. कुणाचं खरं हे ठरायला त्या मतपत्रिका कुठेतरी उघडाव्या लागणार होत्या.

२४ तास नंतर

३१ जानेवारीला कुलदीप कुमार यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या, उत्तराला तीन आठवडे दिले, निकालाला अंतरिम स्थगिती मात्र दिली नाही. महापौराची सगळी मुदत एक वर्षाची. त्यातले तीन आठवडे फक्त उत्तर यायला.

१४४ तास नंतर

५ फेब्रुवारी. स्थगिती न मिळाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला, न्यायमूर्ती मनोज मिश्रा. चित्रफीत न्यायालयात लावली गेली. सरन्यायाधीशांनी तिथेच म्हटलं की ही लोकशाहीची थट्टा आहे, लोकशाहीचा खून आहे, हा माणूस कॅमेऱ्याकडे का पाहतोय? फुली खाली असली की कागद तसाच ट्रेमध्ये जातो, वर असली की त्यावर पेन चालतं, हेही त्यांनी बोलून दाखवलं. सगळ्या मतपत्रिका आणि चित्रफिती उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांच्या ताब्यात द्यायला सांगितल्या आणि दोन दिवसांवर आलेली महापालिकेची अर्थसंकल्पीय सभा पुढे ढकलली.

हा शेवटचा आदेश बातम्यांत मागे पडला. पण खरी तातडी तीच होती. दोन दिवसांनी सोनकर यांच्या अध्यक्षतेखाली शहराचा वर्षभराचा पैसा मंजूर झाला असता, आणि मग निकाल बदलूनही फारसं हाती आलं नसतं.

एकोणीस दिवस नंतर

१८ फेब्रुवारीच्या रात्री, सुनावणीच्या आदल्या दिवशी, सोनकर यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास 'आप'चे तीन नगरसेवक भाजपमध्ये गेले.

ही या घटनाक्रमातली सगळ्यात हुशार चाल. महापौरच नाही म्हटल्यावर फेरनिवडणूक घ्या, असं म्हणणं वरकरणी किती रास्त वाटतं! पण वीसमधून तीन गेले की सतरा, आणि सोळात तीन आले की एकोणीस. पेनाने जे साधलं ते आता पेनाशिवाय, पूर्ण कायदेशीर मार्गाने, साधणार होतं.

दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, मसीह स्वतः न्यायालयात उभे राहिले. सरन्यायाधीशांनी त्यांना थेट प्रश्न विचारले. मतपत्रिकांवर खुणा केल्या का? केल्या, आठांवर. का? खराब झालेल्या मतपत्रिका इतरांत मिसळू नयेत म्हणून. तुम्ही फक्त सही करायची असते, दुसरी खूण करायला कोणत्या नियमाने सांगितलंय? याला उत्तर नव्हतं. कॅमेऱ्याकडे का पाहत होता? नगरसेवक कॅमेरा, कॅमेरा असा आरडाओरडा करत होते म्हणून. मतपत्रिका दिल्लीला आणायचा आदेश झाला, न्यायिक अधिकाऱ्याच्या ताब्यात आणि पोलीस बंदोबस्तात.

५०८ तास नंतर

२० फेब्रुवारी, दुपारी दोन. आठ मतपत्रिका न्यायमूर्तींच्या हातात आल्या. मग त्या दोन्ही बाजूंच्या वकिलांना दाखवल्या गेल्या. भारतात किती मतमोजण्या सर्वोच्च न्यायालयाच्या बाकावर झाल्या असतील? आठही कागदांवर मत कुलदीप कुमार यांनाच होतं, त्यांच्या नावासमोर, वरच्या भागात. आठही कागदांच्या खालच्या भागात शाईची एकेक रेघ होती, पीठासीन अधिकाऱ्याने ओढलेली. बाद ठरवायच्या तीनपैकी एकही कारण लागू पडत नव्हतं. फाटलेलं किंवा डागाळलेलं काही नव्हतं.

फेरनिवडणुकीची मागणी न्यायालयाने नाकारली. मतदान नीट झालं, बिघाड मोजणीत झाला, तेव्हा रद्द होईल ती मोजणी, हा त्यामागचा विचार. मला या निकालातला सगळ्यात नेमका भाग हाच वाटतो, कारण १८ तारखेच्या रात्रीची चाल याच एका वाक्याने निकामी झाली. घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा अधिकार वापरून न्यायालयाने बारात आठ मिळवले आणि कुलदीप कुमार यांना २० विरुद्ध १६ मतांनी महापौर घोषित केलं. न्यायालयासमोर खोटं बोलल्याबद्दल कारवाई का करू नये, अशी नोटीस मसीह यांना निघाली. एप्रिलमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

त्यानंतर

४ मार्चला उरलेल्या दोन पदांची निवडणूक पुन्हा झाली. दोन्ही भाजपने जिंकली, दोन्ही वेळी १९ मतं मिळवून. म्हणजे महापौर 'आप'चा, दोन्ही उपमहापौर भाजपचे, आणि सभागृहात बहुमतही भाजपकडे. कुलदीप कुमार यांना न्यायालयाने खुर्ची मिळवून दिली, १८ फेब्रुवारीच्या रात्री गेलेले तीन नगरसेवक ते परत देऊ शकत नव्हतं.

मसीह स्वीकृत नगरसेवक म्हणून राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या नावाचे फलक सभागृहात झळकले, फलकांवरून नगरसेवकांत झोंबाझोंबी झाली, आणि ते स्वतः त्या सभागृहात हजर होते.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा महापौर निवड आली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांना निरीक्षक नेमलं. भाजपच्या हरप्रीत कौर बबला १९ विरुद्ध १७ मतांनी निवडून आल्या. तोवर पुन्हा विसावर आलेल्या युतीची तीन मतं पलीकडे गेली होती, पण ती ज्याने त्याने स्वतःच्या हाताने दिलेली होती. त्याच वर्षी पुढे चंदीगडच्या प्रशासकांनी विनियमांत बदल मंजूर केला : गुप्त मतपत्रिका बंद, यापुढे हात वर करून मतदान. मतपत्रिकाच नसल्यावर तिच्यावर रेघ कोण ओढणार?

पण खुर्चीत कोण बसणार, याचं उत्तर देणारी ओळ तिथेच राहिली. २०२५ च्या त्या निवडणुकीत, बाजूला निवृत्त न्यायमूर्ती निरीक्षक म्हणून बसलेल्या असताना, पीठासीन अधिकारी होता पुन्हा एक स्वीकृत नगरसेवकच. त्याने काम नियमाने केलं. आणि त्याला ते नियमाने करावं लागावं म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एक माणूस शेजारी बसवावा लागला.